वाळवंटातलं अळीव

बाबा हिमालयावर अळीव पेरत होते आणि जेवायचं कुठे, असं आई तिसऱ्यांदा विचारत होती. डायनिंग टेबलावर तीन फूट लांब चीन पसरला होता.

नागपूरला दिवाळीत किल्ला करायचो, तसाच बाबांनी तो केला होता. ओलं पोतं, माती, डोंगरावर अळीव. चार दिवसांत हिरवं होतं. गृहपाठ माझा होता, प्राचीन चीन आणि तिथला भूगोल. मी त्यावर फक्त नाव लिहिलं. तेही बाबांनी दोनदा लिहायला लावलं.

“पश्चिमेला पर्वत, उत्तरेला गोबीचं वाळवंट, पूर्वेला समुद्र. म्हणून हे लोक आपले आपण वाढले,” बाबा म्हणाले. “ही पीत नदी. हिच्या गाळावर राळं पिकायचं आणि हीच घरं बुडवायची. बांध घालायला गावंच्या गावं एकत्र यायची. राज्य तिथून सुरू होतं, अक्षया.”

“आणि जेवण कुठून सुरू होतं?” आई म्हणाली.

बाबांनी नागपूरला एकोणीस वर्षं भूगोल शिकवला. आई नर्स म्हणून इंग्लंडात लेस्टरला आली, तिच्यामागे आम्ही. इथे ते माझ्याच शाळेत केअरटेकर होते. बल्ब, रेडिएटर, तुंबलेले संडास. शाळेत मला ओळख दाखवायची नाही, हा माझा नियम. तो त्यांनी इतका पाळला, की मी जिन्यात पडले तेव्हा “आर यू ऑल राइट, मिस?” असं विचारून ते पुढे गेले.

आता भूगोलाच्या मिस बार्टनना वर्गात मदतनीस हवा होता. बाबांनी अर्ज दिला होता.

“हे कोणी केलं, असं मिस विचारतीलच. सांगशील नं, माझे बाबा भूगोलाचे मास्तर होते म्हणून?”

मी हो म्हटलं.

सोमवारी बाबा चीन मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. मी वरच्या मजल्यावर. बेलग्रेव्ह रोडच्या वळणावर बस कलली, तेव्हाच बी घरंगळलं असणार. कारण गुरुवारी हिमालय टकला होता आणि गोबीचं वाळवंट हिरवंगार.

“वाळवंटात लॉन?” मिस बार्टन म्हणाल्या. वर्ग हसला. “हे कोणी केलं, अक्षया?”

बाबा खिडकीखाली पाना घेऊन रेडिएटरपाशी बसले होते. रेडिएटर बिघडलेला नव्हता.

“केअरटेकरने,” मी म्हणाले.

वर्ग आणखी हसला. मिस वळल्या. “खरं का, उल्हास?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम.

“येस, मिस. सॉरी, मिस.”

मग तुम्हीच तो घेऊन जा, टेबल ओलं होतंय, असं मिस गोड आवाजात म्हणाल्या. मदतनीसाची जागा पुढे बाहेरच्या एका तरुण मुलीला मिळाली. चांगली होती. पीत नदी नकाशात कुठे आहे, ते तिला मीच दाखवलं.

नदी सांडू नये म्हणून बाबा चीन दोन्ही हातांवर आडवा धरून, पावलं मोजत मैदानातून गेले. खिडकीतून दिसलं, कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी ते थांबले, रुमाल काढला आणि सगळं वाळवंट खुडून त्यात बांधून घेतलं.

पोळीभाजी नको, इतर मुलींसारखं काहीतरी द्या, हाही माझाच नियम होता. दुसऱ्या दिवशी डब्यात एग अँड क्रेस सँडविच निघालं. अळिवालाच इथे क्रेस म्हणतात.

दुसऱ्या घासाला दाताखाली वाळू कचकचली. मैत्रिणी बघत होत्या, म्हणून गिळली.