पोट दोन झाला

त्या वर्षी अंबरनाथात मला जो भेटे तो एकच प्रश्न विचारी, "कितवा?" म्हणजे कितवा महिना. दूधवाल्यानं तेवढं विचारलं नाही, पण आपल्याच मनानं रतीब वाढवून टाकला. मी सांगून दमले की बाबांनो, माझी वेणू गेल्याच्या गेल्या दिवाळीत झाली, त्यानंतर काही नाही, हे नुसतं पोट आहे. पण माझ्या तोंडापेक्षा माझ्या पोटावर लोकांचा विश्वास जास्त होता.

पोट होतंही चमत्कारिक. सकाळी जरा बरं असायचं, संध्याकाळी पाच महिन्यांचं दिसायचं. अंथरुणातून उठायला गेले की बेंबीच्या वर मधोमध एक लांबट उंचवटा उभा राहायचा आणि आडवी झाले की नाहीसा व्हायचा. पाठ तर भांडी घासताना अशी धरायची की डोळ्यांत पाणी यायचं. आमचे हे, म्हणजे शशिकांत, काडेपेटीच्या कारखान्यात सुपरवायझर. ते मला नीट न्याहाळून म्हणाले, "मला तर लग्नापासून काही फरक वाटत नाही." लग्नात यांनी पाहिलं तरी काय होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

माझ्या सासूबाईंना, माईंना, मात्र कारण ठाऊक होतं.

"तुझ्या आईनं बाळंतपणात पोट बांधलं नाही."

"बांधलं होतं, माई. जुन्या लुगड्यानं. मला श्वास घेता येत नव्हता."

"मग सैल बांधलं असेल."

माझ्या माहेरचं सगळं सैलच असतं अशी त्यांची श्रद्धा होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण गावात मुलींच्या शाळेचे नवे वर्ग निघणार होते आणि त्यांना गणिताची बाई हवी होती. लग्नाआधी मी साताऱ्याला गणित शिकवत असे. फळ्यापुढे खडू घेऊन उभी असताना मी जितकी सुखी होते तितकी नंतर कधी झाले नाही, हे मी नवऱ्यादेखत सांगते. मला ती जागा हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

हेडमास्तर दिनानाथ सर बदलापूरहून, कुळगावातून येत. अतिशय सज्जन माणूस, म्हणजे बाईमाणसाशी बोलताना छताकडे पाहणारा. माझी सर्टिफिकिटं वाचून त्यांचा चेहरा खुलला. मग चुकून त्यांची नजर खाली गेली आणि ते घाईनं पुन्हा छताला भिडले.

"शाळा जूनमध्ये सुरू होईल. तेव्हा आपण मोकळ्या असाल का?"

"मी मोकळीच आहे, सर."

"तसं नव्हे. मोकळ्या... झालेल्या."

"सर, मी आत्ता या क्षणी मोकळी आहे!"

"सगळ्या भगिनी प्रथम तसंच म्हणतात," ते छताला म्हणाले. "मेअखेरपर्यंत जागा ठेवतो. तोवर मोकळ्या दिसलात तर जरूर या."

दिसलात तर! मी घरी आले ती संतापानं लाल होऊन. ज्या पोटात काहीच नाही ते रिकामं कसं करून दाखवायचं? वैद्यांनी वात आहे म्हणून ओवा दिला. ओवा खाऊन मी ढेकर दिले, पोट जागच्या जागी. शेवटी कोणीतरी सांगितलं की उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधहून आलेली एक लेडी डॉक्टर आहे, बायकांना तपासून व्यायाम सांगते. सून एकटी कॅम्पात कशी जाणार, म्हणून माई बरोबर निघाल्या.

डॉक्टर ईश्वरी मीरपुरींचा दवाखाना लष्कराच्या जुन्या बराकीत होता. मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याअलीकडे बाकावर माई, पलीकडे टेबलावर मी. डॉक्टरीणबाई उंच, आवाज त्याहून उंच, आणि मराठी नुकतंच शिकायला घेतलेलं, पण बोलायची हौस दांडगी. त्यांनी मला गुडघे दुमडून उताणं झोपवलं, डोकं जरा उचलायला सांगितलं, आणि बेंबीच्या वर बोटं टेकवली. त्यांची बोटं चक्क आत गेली.

"अरे बाई!" त्या ओरडल्या. "पोट दोन झाला! इधर एक, उधर एक! साफ मालूम पडतोय!"

पडद्यापलीकडे बाक करकरला.

मग त्यांनी मला हळू आवाजात समजावलं. पोटाला पुढून उभे दोन पट्टे असतात. मूल वाढताना ते बाजूला सरकतात, मधला पडदा ताणला जातो. काहींचे आपोआप जवळ येतात, माझे आले नव्हते. मध्ये तीन बोटांची फट राहिली होती. तिथूनच पोट बाहेर येत होतं आणि पाठीला आधार नव्हता.

"घाबरायचा नाय. जोडेल," त्या म्हणाल्या. "सांस सोड. सोडता सोडता बेंबीला पाठीकडे पाठव. पाठ तिची बहीण आहे, बोल, जा, भेटून ये. जबरदस्ती नाय. धरून ठेव, मग सोड."

मी बेंबीला पाठवून पाहिलं. ती जागची हलेना.

"रोज पाठव. एक दिन जाएगी." मग त्यांनी टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा, पुन्हा ओढून घ्यायचा, तेही बेंबीला आत धरून, असं दाखवलं. "और सुन. हंडा नाय, बालटी नाय, जातं नाय. उठायचा तर कुशीवर वळून. सीधा उठला तर फट वाढेल."

मी हसले. हंडा उचलू नको असं सुनेला सांगणारी सासू अजून जन्माला यायची होती.

परतीच्या टांग्यात माई माझा हात धरून बसल्या. सात वर्षांत त्यांनी तो धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी नळावर निघाले तर हंडा त्यांनी काढून घेतला आणि शशिकांतच्या हातात दिला.

"आजपासून पाणी तू भरायचंस. ती तीन जिवांची बाई आहे."

"तीन?" शशिकांत म्हणाले.

"एक ती. आणि इधर एक, उधर एक. मी कानांनी ऐकलंय."

माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडले, "माई, अहो, पोट दोन झालंय! पोटात दोन नाहीत! पोटात कोणीच नाही!"

माई गालात हसल्या. "बरोबर आहे. तिसरा सरेपर्यंत नाहीच म्हणायचं असतं. दृष्ट लागते."

आता यावर काय करायचं? मी जितक्या जोरात नाही म्हणे तितक्या त्या खूश होत. मी रडले तर म्हणाल्या डोहाळे, चिडले तर म्हणाल्या मुलगा. शशिकांतना मी खोलीत नेऊन सगळं समजावलं. ते मान डोलावून बाहेर गेले आणि कारखान्यात पेढे वाटून आले. लोक मागतच होते, म्हणाले.

तिसऱ्या महिन्याच्या हिशेबानं माईंनी माझी चोरओटी भरली. चोरओटी चोरून भरायची असते, म्हणून त्यांनी फक्त आमच्या चाळीतल्या बायकांना बोलावलं. एकही बिऱ्हाड मागे राहिलं नाही. भाजीची पाटी घेऊन बदलापूरहून येणारी सखू दारातच उभी होती. ती म्हणाली, "बाय गं, दोन हायत म्हनं तुझ्या पोटान?" ओटीत नारळ घेऊन नाही म्हणणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देतं?

आणि मग एका सकाळी मी चटईवर पडून टाच सरकवत असताना माझ्या लक्षात आलं की हंडा शशिकांत भरतात, बादल्याही तेच उचलतात, दळण चक्कीवर जातं, आणि मी अंथरुणातून उठायला लागले की माई धावत येऊन म्हणतात, "सरळ उठू नको, कुशीवर वळ." डॉक्टरीणबाईंनी जे जे मना केलं होतं ते ते सगळं घरानं आपण होऊन बंद केलं होतं. खऱ्या दुखण्याला ही सवलत कोणी दिली नसती. मी नाही म्हणायचं सोडून दिलं. हो म्हटलं नाही कधी, पण डिंकाचे लाडू खाल्ले.

व्यायामाचं म्हणाल तर माईंनी मला एकदा गुडघे वर करून जोरजोरात श्वास सोडताना पाहिलं आणि सुईण बोलवायला निघाल्या. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. तेव्हापासून त्या दार लावून बाहेर राखण बसत. आत मी बेंबीला पाठीकडे पाठवी. बरेच दिवस ती हट्टानं बसून राहिली. मग एकदा, श्वास सुटता सुटता, ती खरंच निघाली. आत कुठंतरी खोल, दोन्ही बाजूंनी काहीतरी हळूच ओढलं गेलं. मी आनंदानं इतकी ओरडले की माईंनी बाहेरून विचारलं, "लाथ मारली का?"

उन्हाळा चढला तसं पोट उतरलं. पाठ दुखायची थांबली. माईंच्या चेहऱ्यावर मात्र काळजी दिसायला लागली. जुळ्यांचं पोट आणि दिवसेंदिवस लहान होतंय! त्या तूप वाढवत, माझ्याकडे चोरून बघत. मला त्यांची दया यायची, पण मे संपत आला होता. माझी नजर फक्त शाळेवर होती.

मी एक गोष्ट विसरले होते. सखूची भाजी दिनानाथ सरांच्या घरीही जायची.

मेच्या शेवटच्या सोमवारी डॉक्टरीणबाई अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाला आल्या आणि जाता जाता मला तपासायला घरी आल्या. मी आतल्या खोलीत चटईवर आडवी झाले, त्यांनी दार लोटून घेतलं. तेवढ्यात ओसरीवर दिनानाथ सरांचा आवाज आला. माईंनी त्यांना पन्हं दिलं.

"बाईंना भेटायचं कारण नाही," सर बहुधा कौलांना सांगत होते. "एवढाच निरोप द्या. जुळ्यांची वार्ता कळली. अभिनंदन. पण मुलींच्या वर्गाचा प्रश्न आहे, तेव्हा ती जागा आज दुसऱ्या बाईंना..."

मी सरळ उठायला गेले, डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबला. "डोका उचल. फक्त डोका." बोटं टेकवली. एकदा दाबली, दोनदा दाबली, आणि बराकीतल्या त्याच आवाजात त्या गरजल्या, "शाबास! दोन होता, एक झाला! एकच राहिला!"

बाहेर पन्ह्याचा पेला पडला.

"एक गेला!" माईंनी हंबरडा फोडला. "माझं एक नातवंड गेलं हो!"

दार उघडून त्या आत आल्या त्या कपाळ बडवतच. उघड्या दारातून मला ओसरी दिसली. दिनानाथ सर उठून उभे राहिले होते आणि त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

डॉक्टरीणबाईंना आधी काही उमगेना. मग मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की भिंतीला टेकून खाली बसल्या. मग त्यांनी माईंचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला आणि मला डोकं उचलायला लावलं. "देखो माई. इधर खड्डा होता. आता नाय. बच्चा नव्हता, खड्डा होता."

माई चाचपत राहिल्या. बराच वेळ. मला वाटलं, आता माझ्या माहेराचा उद्धार होणार.

"आत बोटं जातात," त्या हलकेच म्हणाल्या, "आणि उठताना मध्ये उंचवटा येतो. ते?"

"तेच."

"मग माझंही आहे."

दार लावून डॉक्टरीणबाईंनी त्यांना चटईवर झोपवलं. मी हात ठेवला. माझी चारही बोटं मुळापर्यंत बुडाली. माई छताकडे बघत होत्या.

"शशीच्या धाकट्या बहिणीपासून. मला वाटलं, बाईचं असंच होतं. लोक विचारायचे, कितवा? आधी नाही म्हणायची. मग कंटाळून चौथा म्हणायची, पाचवा म्हणायची. त्यांना बरं वाटायचं. पुढे लोकांनी विचारायचं सोडलं, पाठीनं दुखायचं नाही सोडलं."

त्या पदर नेहमी पोटावरून दुहेरी का घेत ते मला सात वर्षांत कळलं नव्हतं. मला रडू कोसळलं. त्यांचं पोट हातात धरून मी रडले.

"रडू नको. तुझे सर बाहेर आहेत," माई म्हणाल्या आणि उठल्या. कुशीवर वळून उठल्या. पदर सारखा करून ओसरीवर गेल्या. मीही मागोमाग गेले.

"सर, आमची सून मोकळी आहे."

"पण ती जुळी..." सर टोपी चुरगाळत म्हणाले.

"जुळी नव्हती. पोट एकच होतं, त्याचे दोन भाग झाले होते. दोहोंचं पुन्हा एक झालं. हिशेब तिला विचारा, गणित तीच शिकवणार आहे. आणि वेणूला घरी मी बघणार."

दिनानाथ सरांनी पहिल्यांदाच छतावरून नजर काढून सरळ माझ्याकडे, म्हणजे माझ्या कपाळाकडे पाहिलं. "अकरा जूनला या," ते म्हणाले, आणि टोपी घालायची विसरून स्टेशनकडे गेले.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा हाताला खडू लागलेलाच होता. वेणू पाळण्यात झोपली होती. शशिकांत हंडा ठेवून घाम पुसत होते. आता त्यांची त्यातून सुटका नव्हती. माई चटईवर गुडघे दुमडून पडल्या होत्या, डोळे मिटून.

"काय माई, बेंबी भेटली का पाठीला?"

"अजून नाही. पण घरातून निघालीय."

दारात सखूनं पाटी उतरवली, माईंचा तो फुसफुस श्वास ऐकला, आणि तिचे डोळे विस्फारले.

"बाय गं! आता सासूला पन? कितवा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात माईंनी हात वर करून मला थांबवलं. टाच सावकाश पुढं सरकवली, श्वास पूर्ण सोडला, आणि डोळे न उघडता म्हणाल्या, "पाचवा. आणि कुळगावात सांग, दोन आहेत."