थरथरणाऱ्या डब्याला मिठी

वहिनी पोटासाठी पुस्तकं वाचायची. मोठ्याने, माइकसमोर, ऐकायच्या पुस्तकांसाठी. त्यासाठी तिने घरातली अडगळीची खोली रिकामी करून घेतली होती. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला की बाहेरचं जग बंद व्हायचं. आतलं मात्र बंद होईना.

आत कॉम्प्युटर होता. नवऱ्याने सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जुळवलेला, आणि त्यामुळे घरात जावयासारखा मान असलेला. टेबलावर माइकच्या शेजारीच त्याचा उभा लोखंडी डबा बसलेला असायचा. चालू केला की जेवण जड झाल्यासारखा गुरगुरायचा. डब्याची थरथर टेबलात उतरायची, टेबलातून माइकच्या दांड्यात चढायची आणि थेट पुस्तकात जाऊन बसायची.

“मॅडम, वाचलंय झकास,” ध्वनी तपासणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं. “पण मागे भुंगा कोणी पाळलाय?”

नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, “तो आवाज नाही गं, ती ताकद आहे. उघडू बिघडू नकोस हं त्याला.” वहिनीने मग डबा खाली उतरवून बघितला, तर तारा पुरेनात. खाली ब्लँकेटची जाड घडी घातली, तर बिचाऱ्याचा श्वास कोंडला, तो तापला आणि बंद पडला. जाताना अर्धं प्रकरण घेऊन गेला. शेवटचं. जे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं.

वहिनी डोक्याला हात लावून बसलेली असताना दाराची बेल वाजली. बाहेर नणंद उभी. उसनी नेलेली बॅग परत द्यायला आलेली.

या दोघींचं भांडण कधीच झालं नव्हतं, हीच खरी अडचण होती. नणंद नवऱ्याहून धाकटी, पण वहिनीहून मोठी. त्यामुळे कोणी कोणाला अहो-जाहो करायचं याचा निकाल लागेना, म्हणून लग्नापासून दोघीही करत होत्या. ‘तुम्ही घ्या ना’, ‘नाही नाही, तुम्ही घ्या’ करत दोघींच्या मधल्या ताटलीतलं शेवटचं बिस्कीट नेहमी मऊ पडायचं.

“काय झालं वहिनी? चेहरा का असा तुमचा?”

“काही नाही हो ताई. बसा ना. पाणी आणते.”

पण तेवढ्यात, घडी काढून पुन्हा चालू केलेल्या डब्याची गुरगुर आतून ऐकू आली आणि नणंदेने कान टवकारले. ती बुटांच्या कारखान्यात तळव्यांच्या विभागात होती. पाऊल आपटलं की हादरा गुडघ्यापर्यंत किती जातो आणि रबर त्यातला किती गिळतं, हे बघणं तिचं रोजचं काम. ती सरळ खोलीत शिरली आणि डॉक्टरीणबाई बाळाच्या पोटावर ठेवतात तसा तळहात डब्यावर ठेवला. वरून. मागून. मग बाजूच्या पत्र्यावर.

गुरगुर थांबली.

हात काढला. सुरू झाली.

“अहो, हा पत्रा सैल आहे!” नणंद ओरडली. “आतला पंखा हलवतोय, आणि हा ढोल वाजवतोय!”

“उघडायचा नाही म्हणालेत हो तुमचे भाऊ.”

“मग नाही उघडत. मी धरून ठेवते. तुम्ही वाचा.”

एका हाताने समोरचा कोपरा दाबला तर मागचा बोलायला लागायचा. शेवटी नणंदेने स्टूल ओढलं, टेबलाला खेटून बसली, दोन्ही हातांनी डब्याला घट्ट वेढा घातला आणि गाल पत्र्याला टेकवला. खोलीत चिडीचूप शांतता पसरली. वहिनीने टॉवेल कोंबला, घसा साफ केला आणि वाचायला घेतलं.

कादंबरी भलतीच गंभीर होती. दीपस्तंभाचा म्हातारा रखवालदार, आणि वीस वर्षांनी बोटीतून परत आलेली त्याची बायको. वहिनीने आवाज खाली आणला.

“‘तो काही बोलला नाही. त्याने तिला कवेत घेतलं. तिच्या अंगाची थरथर...’”

वहिनीची नजर पानावरून जराशी उचलली गेली. समोर नणंद, डोळे मिटून, कॉम्प्युटरला कवटाळून बसलेली.

“‘...थरथर त्याच्या छातीला जाणवली. “शांत हो,” तो म्हण...’”

पुढचा शब्द आलाच नाही. वहिनीच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. नणंदेने एक डोळा उघडला. तिने ओठ दाबून धरले, पण खांदे गदगदायला लागले. खांद्यांबरोबर डबा, डब्याबरोबर टेबल, टेबलाबरोबर माइक.

“हसू नका हो ताई! सगळं हलतंय!”

“मी कुठे हसतेय? हाच लाजतोय!”

झालं. वहिनी खुर्चीवरून खाली घसरली. हसता हसता तिला उचकी लागली. उचकी ऐकून नणंदेला ठसका लागला. “अगं, पाणी दे!” नणंद कशीबशी म्हणाली. “उठता येत नाही गं मला, तूच घे!” वहिनी जमिनीवरून म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही.

नेमका त्याच वेळी विसरलेला चष्मा न्यायला नवरा घरी आला. अडगळीच्या खोलीचं दार ढकलून बघतो तो काय, बायको फरशीवर लोळतेय आणि सख्खी बहीण त्याच्या कॉम्प्युटरच्या गळ्यात पडून रडतेय.

“कोण गेलं?” त्याने पांढऱ्याफटक चेहऱ्याने विचारलं.

त्यावर दोघींची जी अवस्था झाली ती सांगण्यात अर्थ नाही. नवराही आधी रागावला, मग हसला, मग मुकाट्याने पेचकस घेऊन आला. “उघडा एकदाचा. पण तारांना हात लावायचा नाही.”

नणंदेच्या पर्समध्ये तळव्यांचे नमुने नेहमीच असायचे. तिने मऊ रबराचा एक तुकडा निवडला. कात्रीने त्याचे बारीक वायसर कापले आणि पंख्याच्या स्क्रूंखाली घातले. हार्ड डिस्क आत खुळखुळ्यासारखी हलत होती, तिलाही तसेच घातले. वहिनीने पत्र्याच्या कडेला फेल्टच्या जाड, मऊ कापडाची पट्टी चिकटवली. नवऱ्याने स्क्रू पिळले. खाली चार कोपऱ्यांत नणंदेने टाचेच्या चार जाड चकत्या सरकवल्या, पण मध्ये हवा खेळायला जागा ठेवून.

“बायकांच्या सँडलच्या आहेत,” ती म्हणाली. “दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांच्या. हा तर नुसता बसूनच असतो.”

नवऱ्याने बटण दाबलं. तिघांनी श्वास रोखले. वहिनीने पाण्याने भरलेला पेला टेबलावर ठेवला आणि तिघंही वाकून बघायला लागले. पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठेना.

“चालू तरी झालाय का?” नवऱ्याने काळजीने विचारलं.

झाला होता. वहिनी माइकसमोर बसली आणि थेट त्याच ओळीपर्यंत आली. “‘त्याने तिला कवेत...’” दाराबाहेरून खिंकाळल्यासारखा आवाज. पुन्हा सुरुवात. या वेळी दाराबाहेर कोणीच हसलं नाही, वहिनीच फुटली. अखेर तिने दोघांना घराबाहेर काढलं, कडी लावली आणि प्रत्येक वाक्याआधी स्वतःच्या मांडीला चिमटा काढत प्रकरण संपवलं. म्हातारा आणि म्हातारी एकदाची भेटली.

पाठवल्यावर थोड्याच वेळात फोन आला. “मॅडम, भुंगा गेला! आणि त्या मिठीच्या जागी तुमचा आवाज असा भरून आलाय ना, आमच्याकडची टायपिस्ट रडली हो.”

“मनापासून वाचलं,” वहिनी म्हणाली आणि फोन पटकन ठेवला.

तिने कडी उघडली तेव्हा नणंद पायरीवर एकटीच बसली होती. भाऊ चष्मा घेऊन कामावर पळाला होता, बहुतेक उशिराचं काय कारण सांगावं याचा विचार करत.

“आता काय करायचं?” वहिनीने विचारलं. तिला अंग पिसासारखं हलकं वाटत होतं, बसवत नव्हतं.

“मला सुट्टी आहे आज,” नणंद म्हणाली. “तुला?”

“आत्ताच लागली.”

कोपऱ्यावर बस उभी होती. तिच्यावरची पाटी वाचायलाही दोघी थांबल्या नाहीत, चपला हातात घेतल्यासारख्या धावत सुटल्या. कंडक्टरने कुठे जायचं म्हणून विचारलं तेव्हा दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि परत सुरू झालं.

“शेवटपर्यंत,” अखेर वहिनी म्हणाली. “दोन द्या.”