जाळीच्या अलीकडे

मी मरळ मासा बोलतोय. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका संग्रहालयात मागच्या बाजूला जलचरांचं दालन आहे. तिथे खिडकीजवळच्या मोठ्या काचेच्या टाकीत मी राहतो. माझं अंग काळपट हिरवं आणि डोकं सापासारखं चपटं. मुलं आधी दचकतात, मग "ये तो साँप है!" असं ओरडून काचेला नाक लावतात. नाकं तऱ्हेतऱ्हेची असतात, पण काचेवर दाबली की सगळी सारखीच दिसतात.

माझा जन्म लांजीकडच्या एका बोडीतला. बोडी म्हणजे धानाच्या शेताजवळचं छोटं तळं. एका उन्हाळ्यात ती आटली. चिखलात तडफडणाऱ्या माशांतून संग्रहालयाच्या माणसांनी मला उचललं आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून इथे आणलं.

आमची देखभाल करायला आम्रपाली आली तेव्हा मी टाकीत बऱ्यापैकी रुळलो होतो. प्राणिशास्त्र शिकून आलेली, भरवेलीहून स्कूटीवर येणारी ही मुलगी पहिल्या दिवशी कौतुकानं आमच्याकडे बघत होती. माशाला जितकं पाणी तितकं सुख, असं तिला वाटलं असावं. तिनं माझी टाकी झाकणापर्यंत काठोकाठ भरली आणि मी बुडायला लागलो.

हसू नका. मरळ पाण्यात बुडतो. आम्हाला अधूनमधून वर येऊन तोंडानं हवा घ्यावी लागते. झाकण आणि पाणी यांच्यात बोटभरही जागा उरली नव्हती. मी झाकणाला धडका देऊ लागलो. आम्रपाली घाबरली. आधी तिनं हवेचा पंप वाढवला, मग डोळे बारीक करून माझं तोंड कुठे जातंय ते पाहत राहिली. एकदम तिनं दोन बादल्या पाणी उपसून टाकलं. मी वर आलो आणि मोठा घोट घेतला.

"तुले हवा लागते का रे!" ती म्हणाली. त्या दिवशी जेवणाचा डबा तिनं माझ्यासमोर बसूनच खाल्ला. मी वर आलो की तिचा घास हातातच थांबायचा.

पुढे मी तिला रोज पाहत गेलो. नळाचं पाणी ती कधी थेट टाकीत ओतत नसे. ड्रममध्ये भरून दिवसभर उघडं ठेवायची, नळातल्या औषधाचा वास जाऊ द्यायची. बेडकांना हात लावण्याआधी साध्या पाण्यानं हात खळाळून धुवायची. बेडूक कातडीनं पाणी पितो, हातावरचं सगळं त्याच्या पोटात जातं, असं ती मुलांना सांगायची. म्हणून दालनात साबण आणायला बंदी. क्रीम लावणं तिनं सोडलं, चुलत बहिणीच्या लग्नात मेंदीही काढली नाही. एकदा तिची आई जिजाबाई डबा द्यायला आली आणि दारातच थबकली. "एवढी शिकली आन् बेडकाले गांडुळं चारून राह्यली," ती म्हणाली. पण जाताना बराच वेळ बेडकांपुढे उभी राहिली.

तर आता एका फेसाची गोष्ट.

पावसाळ्यात उंच पेटीतली झाडबेडकांची जोडी नाहीशी झाली. जाळीचं झाकण एका कोपऱ्यात सैल झालं होतं. दोनच दिवसांनी भोपाळहून साहेब मंडळी येणार होती. जिवंत प्राण्यांचं दालन चालू ठेवायचं की बंद करून प्लास्टिकचे नमुने मांडायचे, हे ती मंडळी ठरवणार होती. दालनाच्या प्रमुख रूपाली मॅडम आणि आम्रपाली कपाटांखाली बॅटरी मारत फिरत होत्या. सफाई करणारे धर्मेंद्रभाऊ माझ्या टाकीपाशी आले आणि फडकं उचलून म्हणाले, "इथं साबणाचा फेस लागला दिसते. पोछून टाकतो."

"थांबा ना भाऊ!" आम्रपाली धावत आली. "साबण तं आपण आणतच नाही. मंग हा फेस कुठून आला?"

माझ्या पाण्याच्या वर, काच आणि झाकण यांच्यातल्या उघड्या फटीत, मुठीएवढा पांढरा गोळा चिकटला होता. मीही तो सकाळपासून न्याहाळत होतो. मॅडमही वाकल्या. मग आम्रपालीची नजर वर गेली. पडद्याच्या दांडीवर, पाय पोटाशी घेऊन, वाळक्या पानाच्या रंगाची बेडकी बसली होती, शेजारी तिचा जोडीदार.

"मॅडम, अंडी हायेत ही! फेसात घालते ते. पिल्लं निघाली का खाली पाण्यात पडतीन."

"और नीचे ये बैठा है," मॅडम म्हणाल्या.

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी खोटं कशाला बोलू? मी खाल्लीच असती.

गोळा खरवडला तर फुटला असता. म्हणून मलाच उचलून मागच्या खोलीत एका ड्रममध्ये ठेवलं. ड्रमला कोपरे नसतात. मी नुसता गोल गोल फिरत होतो. फेसाचं काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्रपालीनं मला खाऊ द्यायला झाकण उचललं, तेवढ्यात मॅडमनी हाक मारली. ती वळली आणि मी उडी घेतली.

फरशी ओली होती. पंखांवर रेटत मी स्टुलाखाली पोचलो. जग खालून कधी पाहिलं नव्हतं. टेबलाच्या पोटाला कुणीतरी च्युइंगम चिकटवलं होतं. मग अंग कोरडं पडू लागलं, कल्ले चिकटले, आणि बघण्याची हौस संपली.

"अरे बापा!" एवढंच मला ऐकू आलं. ओलं पोतं अंगावर पडलं. माझा ओठ सोलला होता.

"बस झालं," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी त्याला परत टाकीत सोड. मासा मेला तर मी साहबांना काय सांगू? अंडी काय, पुन्हा होतील."

आम्रपालीनं मला ड्रममध्ये सोडलं आणि झाकणावर वीट ठेवली.

सकाळी ती वडिलांना घेऊन आली. नागसेन भरवेलीच्या खाणीत फिटर होते, आता घरीच असतात. त्यांनी टाकीला हाताची वीत लावून पाहिली.

"मासा इकडं, पिल्लं तिकडं. हौ ना?"

"हौ, बाबा. पण पाणी दोन्हीकडं फिरलं पाह्यजे."

खिडकीची उरलेली नायलॉनची जाळी चौकटीत ताणून त्यांनी टाकीच्या मधोमध बसवली. आम्रपालीनं पंपाच्या तोंडाला सुती कापड बांधलं, म्हणजे पिल्लं ओढली जाणार नाहीत. मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या. शेवटी त्यांनीच चौकट धरून ठेवली.

साहेब आले तेव्हा फेस खालून विरघळू लागला होता. टप्. एक काळा ठिपका पाण्यात पडला आणि शेपटी हलवू लागला. टप्, टप्. एक साहेब चहाचा कप हातात धरून तिथेच उभे राहिले, चहा थंड झाला. दालन आणखी एक वर्ष ठेवायचं ठरलं. वर्षानंतरचं कुणी बोललं नाही.

जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे ती पिल्लं. त्यांना आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. भूक असूनही मी तासन्‌तास बघत राहायचो. एक किडकिडीत पिल्लू मात्र चौकटीच्या फटीतून माझ्याकडे आलं. मी ते गिळलं. आम्रपाली समोरच होती. ती रागावली नाही. "तू मासा हायेस, तुले काय म्हणू," असं म्हणत तिनं फटीत कापड कोंबलं.

शेपट्या जिरून गेल्यावर चिमुकले बेडूक वनखात्याच्या परवानगीनं ओढ्याकाठी सोडले गेले. जाळी निघाली. आता सगळी टाकी पुन्हा माझी आहे. पण पोहत मध्यावर आलो की मी वळतो. तिथे काहीच नाही, हे मला दिसतं, तरी वळतो. आम्रपाली स्टुलावर बसून विचारते, "काहून रे? जा ना पलीकडं!"

तुम्ही कधी बालाघाटला आलात तर टाकीपाशी थोडे थांबा आणि नीट बघा. मी का वळतो ते कळलं तर तिला सांगा, जरा मोठ्यानं, म्हणजे काचेतून मलाही ऐकू येईल.