एक आत, एक बाहेर

सरांची बायको लेकीकडे गेली ती एका कापडी पिशवीत मावेल एवढं सामान घेऊन. बस सुटायला अवकाश होता, तेवढ्यात सरांनी ती पिशवी बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला उचलून दाखवली. "महिनाभरासाठी निघाली आहे," ते म्हणाले, "आणि सामान बघा. एवढंच." त्या माणसाजवळ तीन बॅगा, एक गाठोडं आणि सुतळीने बांधलेला टेबलफॅन होता. बिचारा ओशाळून हसला.  बायकोने पिशवी सरांच्या हातातून काढून मांडीवर घेतली आणि बस लागेपर्यंत तिच्यावरचा हात उचलला नाही.

महिना गेला. दुसराही गेला. नात लहान, लेक दिवसभर कामावर, तेव्हा थोडे दिवस इकडेतिकडे व्हायचेच, असं सर स्वतःला सांगत होते. समोरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारत, "काय सर, माणूस आणायला कधी जाताय?" सर म्हणत, "येईल की. सगळं सामान तर इथेच आहे." काकू "हो का" म्हणून भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेत आणि आत जात. त्या "हो का"चा अर्थ सरांना तेव्हा लागला नाही. दुसऱ्याच्या घरातला पसारा लांबून ओळखणाऱ्या माणसाला आपल्या घरातलं दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सर शाळेत शास्त्र शिकवत असत. पण गल्लीत त्यांची ख्याती निराळीच होती. मुलं त्यांना पाठीमागे 'सुटसुटीत सर' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. दोन खोल्यांचं घर, आणि त्या घराचा एकच नियम: एक आत, एक बाहेर. नवी वस्तू घरात आली की एक जुनी वस्तू घराबाहेर गेलीच पाहिजे. बाकीचं सगळं त्याच्यामागून आलं. अंघोळीचं पाणी कुंड्यांना, भाजीची देठं खताच्या ड्रमात, फाटलेल्या चादरीच्या उश्या, विटलेल्या उश्यांची पायपुसणी. रविवारी लोक घर बघायला येत. घरात पेले चारच. पाहुणे सहा असले की दोघांनी वाट बघायची, आणि वाट बघता बघता सरांचं व्याख्यान ऐकायचं. तहानेनं जीव कासावीस झालेला माणूस कशालाही मान डोलावतो.

एका गोष्टीचं मात्र सरांना कधी हसू आलं नाही, पण मला येतं. साधं कसं जगावं हे सांगणारी पुस्तकं त्यांच्याकडे इतकी साठली, की ती ठेवायला शेल्फ घ्यावं लागलं.

नियम बायकोवर लादला होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती बाइंडरची मुलगी. तिच्या वडिलांच्या दुकानात कागदाचं कात्रण फुकट जात नसे आणि उरलेल्या खळीत दुसऱ्या दिवशी पाणी घालून ती पुन्हा ढवळत. वस्तू जपून वापरायची हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. सरांनी त्याला नाव दिलं, एवढंच. सुरुवातीला तिलाही मौज वाटली. दोघांनी मिळून पहिल्या वर्षी घर इतकं मोकळं केलं, की बोललं तर आवाज घुमायचा, आणि लेक मुद्दाम मोठ्याने गाणी म्हणायची.

पुढे पुढे झालं ते असं. नवी वस्तू यायची ती बहुतेक सरांची, किंवा सरांच्या कल्पनेची. ती आली की सर खोलीच्या मधोमध उभे राहून आता काय काढावं याचा विचार करत. आपल्या प्रत्येक वस्तूचा उपयोग त्यांना पाठ होता, त्यामुळे त्यांचं काही निघायचं नाही. लेकीचं काढायला जावं तर ती रडे. शेवटी बायको म्हणे, "माझं काढा काहीतरी." आणि सर काढत. त्यात त्यांना कधी खटकलं नाही. उलट रविवारच्या मंडळींना ते अभिमानाने सांगत, "हिला मोहच नाही." मंडळी कौतुकाने तिच्याकडे बघत, आणि ती पेले विसळायला आत जाई.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, आई इथेच राहीन म्हणते."

"राहू दे की. अजून किती दिवस?"

"राहीन म्हणजे राहीन, बाबा."

सर खताचा ड्रम ढवळत होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "हे तिनं का नाही सांगितलं?"

"ती म्हणाली, मी बोलायला लागले की ते मला पटवतात. आणि तुम्ही पटवताच." लेकीचा आवाज जरा मऊ झाला. "ती रागावलेली नाहीये. तसं काही मनात आणू नका."

रागावलेली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. सर बुडत्याने काडीला धरावं तसं म्हणाले, "पण सामान न्यायला तरी तिला यावंच लागेल. एकदा समोरासमोर बसू, मग बघू काय ते."

 मग लेक म्हणाली, "बाबा, कपाट उघडून बघा ना. काय काय आहे ते मला सांगा."

कपाट दोघांत एक होतं. वरचे तीन खण सरांचे, खालचा तिचा. सर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खालचा खण पुढे ओढला. तो इतका हलका होता की ओढायच्या जोराने जवळजवळ हातात आला. आत सरांचा स्वेटर होता, कोपरांवर नव्याने विणलेला. सरांच्या सदऱ्यांची जास्तीची बटणं एका डबीत होती. सरांच्या पायजम्याची नाडी होती. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या होत्या, रविवारच्या मंडळींना कशा करायच्या ते दाखवण्यासाठी घडी घालून ठेवलेल्या. सरांनी सगळं जमिनीवर मांडलं. मग न्हाणीघरात बघून आले. कंगवा दोघांचा होता. स्वयंपाकघरात गेले. चार पेले, दोन ताटं, एक तवा. त्यातलं तिचं काय? सर दारात उभे राहून घराकडे बघत राहिले. शाळेतल्या मुलांना घरी जाऊन वस्तू शोधून मोजायला लावत असत तसं ते शोधत होते, आणि उत्तर शून्य येत होतं.

आणि मग न बोलावता एकेक वस्तू आठवायला लागली. खिडकीपाशी एक ठेंगणी खुर्ची होती. दुपारी कामं आटपली की बायको तिथे बसायची, काही न करता. सौरचूल आली तेव्हा ती खुर्ची गेली. त्यानंतर ती पलंगाच्या कडेवर बसायला लागली, एखाद्या पाहुणीसारखी. वडिलांनी जमवलेल्या रंगीत कागदांची एक पेटी होती. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावतात ते कागद. खताचा ड्रम आला तेव्हा ती पेटी गेली. आणि पुस्तकांचं शेल्फ आलं तेव्हा वडिलांचा बाइंडिंगचा प्रेस गेला. लोखंडी, वर चाक असलेला. चाक फिरवलं की जाड पाट खाली येऊन पुस्तक दाबून धरायचा. "नुसता धूळ खातोय," सर म्हणाले होते. ती म्हणाली होती, "हो. धूळ खातोय खरा." तो भंगारात गेला नव्हता. शाळेमागच्या गल्लीत एक बाइंडर होता, सरांनी तो त्याला फुकट देऊन टाकला होता. वस्तू योग्य हाती गेली, म्हणून त्या रविवारी व्याख्यान जरा जास्तच रंगलं होतं.

सर चपला घालून निघाले.

बाइंडरचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला उसवलेल्या पुस्तकांच्या चळती, मधे कागद कापायचं यंत्र, आणि खळीचा आंबूस वास. प्रेस दाराजवळच होता. चाकाचा रंग उडाला होता, पण लोखंडाला तेल होतं. बाइंडर कडा कापत होता. त्याने सरांना पाहिलं आणि हात पुसत पुढे आला.

"या सर. वहिनी बऱ्या आहेत ना? बरेच दिवस दिसल्या नाहीत."

"तुम्हाला कुठे दिसायच्या?"

"इथेच की." बाइंडरने प्रेससमोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "बुधवारी दुपारच्या यायच्या. तुमचं ते व्याख्यान वाचनालयात असतं ना, तेव्हा. तासदोन तास बसायच्या, पुस्तकाच्या पानांचे फर्मे शिवून द्यायच्या. हात काय सुंदर हो त्यांचा. माझा टाका असा बसत नाही." सरांचा चेहरा बघून तो थांबला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

सरांना वाटत होतं बुधवारी ती बाजारात जाते. भाजी तर यायचीच घरी. वाटेवरच बाजार होता.

"पैसे देत होतात का तिला?" काहीतरी विचारायचं म्हणून सरांनी विचारलं.

"देत होतो, पण घ्यायच्या नाहीत. दोन कोऱ्या वह्या देतो म्हटलं, सुताचं रीळ न्या म्हटलं, काही म्हणता काही नाही. म्हणायच्या, घरी काही नेलं की काहीतरी बाहेर काढावं लागतं, आणि आता माझ्याकडे काढायला काही उरलं नाही." बाइंडर हसला. "मला वाटलं, थट्टा करतात."

सर प्रेसच्या चाकावर हात ठेवून उभे होते. चाक गार होतं.

"त्यांचं एवढं एक दाभण असायचं इथे," बाइंडर म्हणाला. "वडिलांचं होतं म्हणे, लाकडी मुठीचं. या प्रेसखालच्या खणात ठेवून जायच्या. शेवटचं आल्या तेव्हा तेवढं घेऊन गेल्या. म्हटलं, वहिनी, आता येणार नाही की काय? तर म्हणाल्या, नातीकडे चाललेय."

सर घरी परतले ते कुठल्या रस्त्याने, ते त्यांना सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढे बसस्थानकावरचा बाक होता, आणि मांडीवरच्या पिशवीवर ठेवलेला तिचा हात. तिच्या मालकीची म्हणावी अशी एकच वस्तू या जगात उरली होती, आणि ती तिने आपल्या घरात ठेवायचं धाडस केलं नव्हतं. घरात ठेवली असती तर एखाद्या दिवशी आपणच काढली असती, हे सरांना लख्ख कळलं. काढली असती, आणि वर म्हटलं असतं, हिला मोहच नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की जिन्यात काकू दिसल्या तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी त्यांनी फोन लावला. बायकोनेच उचलला.

"नात काय करतेय?"

"झोपलीय आत्ताच. जेवलात का?"

"जेवलो," सर म्हणाले. जेवले नव्हते. "आज बाइंडरकडे गेलो होतो."

 ती म्हणाली, "तेल घालतो का तो चाकाला?"

"घालतो."

"बरं."

एरवी अशा वेळी सरांपाशी मुद्दे तयार असत, एकामागून एक. आज एकही नव्हता. "माझं चुकलं गं," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. त्यात समाधान नव्हतं की खेद. मुलाने पाढा बरोबर म्हटला की शिक्षक म्हणतात तसं ते "हो" होतं.

"तो प्रेस परत मागतो. शेल्फ काढून टाकतो, जागा होईल. खुर्चीही बघतो तशीच एक."

"नको. राहू दे तिथे. तिथे त्याला काम आहे."

 समोर कपाटातून काढलेला स्वेटर तसाच पडला होता, कोपरांवरचे नवे टाके वर करून. सर शेवटी म्हणाले, "एकदा ये तरी. सामान न्यायला म्हणून ये."

"कुठलं सामान?" तिने विचारलं.

टोमणा असता तर सरांनी तो सोसला असता. पण ती खरंच आठवून बघत होती. मधल्या शांततेत ते ऐकू येत होतं. मग तिने तो विषय सोडून दिला आणि वेगळंच काही सांगायला लागली, जरा हळू आवाजात, जशी आपली अडचण पूर्वी त्यांना सांगायची.

"लेकीनं मला इथे दोन खण दिलेत, मोठे. एकात बाबांचं दाभण ठेवलंय आणि दोन साड्या. दुसरा रिकामाच आहे. ती रोज विचारते, आई, तुला काय आणू? माझ्या काही लक्षातच येत नाही हो. काय ठेवतात लोक?"

घराघरांतून काय काढावं हे सर इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते. काय ठेवावं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. "सांगतो," ते म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि फोन कानाशी धरून ते बसायला खिडकीपाशी गेले. तिथे खुर्ची नव्हती.