छापलेलं होतं, साळूबाई

मित्रांनो, मी एक जुना जर्मन-इंग्रजी शब्दकोश आहे आणि सध्या माझ्या उरावर लॅपटॉप बसला आहे. खरोखर बसला आहे. कॅमेऱ्यात दीपाचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिने माझा पाट केला आहे. माझं आता कुणी ऐकत नाही, तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म जर्मनीतला. कागद जाड, शिवण पक्की, पाठीवर सोनेरी अक्षरं. कुणाकुणाच्या हातून फिरत मी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात येऊन पडलो. तिथे मला नेवाशाची दीपा भेटली. ती तेव्हा जर्मन शिकत होती. तिने पानं चाळली, वास घेतला आणि मांडीवर ठेवून मला एसटीने घरी आणलं. खंडेनवमीला घरचे विळे-कोयते मांडायचे, ही त्यांच्या शेजारी मला मांडायची. 'कोशाशिवाय माझं पान हलत नाही,' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मी फुगायचो. का फुगू नये?

पुढे तिला नगरच्या एका भाषांतर कंपनीचं काम मिळालं. जर्मनीतल्या घरांच्या जाहिराती घरी बसून इंग्रजीत करायच्या. मग मशीनच भाषांतर करायला लागलं आणि माझी पानं आठवडे आठवडे उघडेनात. तरी एखादा शब्द अडला की ती लॅपटॉप बाजूला ठेवून मला उघडायची. तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

असाच एक शब्द अडला, 'वोनरेश्ट'. म्युनिकमधला एक फ्लॅट विकायला निघाला होता, त्याच्या जाहिरातीतला. मशीनने 'ड्वेलिंग राइट' असं काहीतरी खरडून ठेवलं होतं. माझ्यात 'राइट ऑफ रेसिडन्स' दिलं आहे, आणि पुढे अर्थही दिला आहे: घर विकलं तरी मरेपर्यंत त्यात राहण्याचा हक्क.

"अर्थ पटला, पण हे कोर्टातलं बोलणं झालं," दीपा म्हणाली. "घर घेणारा माणूस असं बोलेल का?"

तिची एक रीत होती. अडलेलं आधी नेवाशाच्या मराठीत सांगून बघायचं, मग इंग्रजीकडे वळायचं. म्हणून तिने उंबऱ्याशी शेंगा फोडत बसलेल्या साळूबाईंना विचारलं.

साळूबाई शेजारच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी आपलं घर मच्छिंद्र नावाच्या माणसाला विकलं होतं, पण त्या हयात असेपर्यंत मागची खोली त्यांचीच, असं चार माणसांत ठरलं होतं. चार माणसांत ठरलं म्हणजे झालं, या समजुतीने ते कागदावर कुणी घेतलंच नाही. आता मच्छिंद्र म्हणत होता, असला हक्क जगात कुठे नसतो, खोली मोकळी करा.

"मावशी, घर विकलंय पण म्हातारी आतच राहणार आहे, हे गिऱ्हाइकाला कसं सांगाल?"

"त्यात काय सांगायचं? घर तुमचं, पर मी जिती हाय तवर हितंच ऱ्हानार."

दीपाने हसत तेच इंग्रजीत उतरवलं: घर विकलं तरी मालकीणबाई आयुष्यभर इथेच राहतील. वाक्य असं साधं झालं की मला हेवा वाटला. मग तिने मला साळूबाईंच्या पुढ्यात उघडलं आणि त्यांचं बोट त्या ओळीवर ठेवलं.

"बघा मावशी, जर्मनीतसुद्धा असतो हा हक्क. छापलंय यात."

साळूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ओळीवरून हळूच बोट फिरवलं. "छापलंय म्हंजी आता कुनाच्या बापाला भ्यायची न्हाई मी," म्हणाल्या, आणि तडक मच्छिंद्रला सांगून आल्या. त्यानेही खोलीचा तगादा थांबवला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

पण भाषांतर कंपनीतले तिचे साहेब, करणसर, यांनी ती जाहिरात वाचली. "ती ओळ काढा. म्हातारी आत आहे म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं," म्हणाले. दीपाने जरा हो-नाही केलं आणि ओळ काढली. व्हायचं तेच झालं. लंडनहून एकजण फ्लॅट बघायला गेला, तर आत म्हातारी आरामात चहा पीत बसलेली. मोठी बोंब झाली. जाहिरात देणाऱ्या जर्मनीच्या लोकांनी जाब विचारला, आणि करणसरांनी सगळ्यांच्या देखत, लॅपटॉपवरच्या भर मीटिंगमध्ये, कानावर हात ठेवले.

"दीपा मॅडम, इतकी महत्त्वाची गोष्ट सुटली कशी तुमच्याकडून?"

मी लॅपटॉपखाली वाट बघत होतो. आता ही सांगेल, तुम्हीच काढायला लावलीत सर. पण नोकरी जाण्याच्या भीतीने तिचा आवाजच बदलला.

"माझ्या कोशात तो अर्थच नाही, सर. जुनं पुस्तक आहे. असला हक्कबिक्क काही दिलेलाच नाही त्यात."

आणि हे बोलताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, मित्रांनो. ओळ माझ्या पोटात होती आणि मला तोंड नव्हतं.

साळूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. दीपाची त्यांच्याकडे पाठ होती. त्यांनी आणलेली पिठल्याची वाटी खाली ठेवली आणि आल्या पावली गेल्या. दोन दिवसांनी पुणतांब्याहून त्यांच्या लेकीने त्यांना सामानासकट न्यायला टेम्पो पाठवला. मच्छिंद्रने त्याच संध्याकाळी खोलीला कुलूप घातलं.

दीपाला कळलं तेव्हा तिने घाईघाईने त्यांना फोन लावला. स्पीकर चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, परत या. आहे हो तो अर्थ पुस्तकात. तुमचं बोट ठेवलं होतं ना मी?"

"न्हाई म्हनालीस की. कानानं ऐकलं मी."

"ते साहेबांना सांगितलं हो, खोटं."

मग साळूबाई शांतपणे म्हणाल्या, "तवा खोटं बोललीस का आता, मला वाचता येत न्हाई पोरी. मी कसं वळखू?"

दीपाने फोन ठेवला. मला उघडलं, ते पान काढलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली. मला तिची कीव आली नाही. खरं सांगतो, अजूनही येत नाही.

मित्रांनो, माझी धूळ नाही झटकलीत तरी चालेल. उरावर लॅपटॉप ठेवा, हवं तर रद्दीत घाला. पण जे माझ्यात नाही ते माझ्या तोंडी घालू नका, आणि आहे ते नाही म्हणू नका. तुमच्या भरवशावर वाचणारं एखादं माणूस उंबऱ्यात उभं असतं.