त्याचं स्वप्न नव्हतं

पुष्पांजलीने लोणारला जाऊन केस कापून घेतले, त्या दिवसापासून तिच्या सासूने, सत्यभामाबाईंनी, तिच्याशी बोलणं टाकलं. पार्लरवाल्या सायरानेही कात्री हातात घेऊन दोनदा विचारलं होतं, "भाभी, पक्कं ना? वाढायले लय टाईम लागते."

"काप तू. तिथं वेणी घालायले कोन बसू देईन मले?"

तिथं म्हणजे चेन्नईला, लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. सैनिकाच्या विधवेला वयाची सवलत मिळते. त्या सवलतीच्या अगदी काठावर, पस्तिसाव्या वर्षी तिची निवड झाली होती. सोबतच्या पोरी बावीस-तेवीसच्या असणार.

रोज पहाटे ती सुलतानपूरच्या फाट्यापासून लोणारच्या रस्त्याने पळत जायची. पहिल्या आठवड्यात गुडघे असे सुजले की पायऱ्या उतरताना भिंत धरावी लागली. शेतातल्या निंबाला तिने जाड दोर बांधला होता. त्यावर चढता चढता तळहातांची साल निघाली. भाकरी थापताना पिठाने त्यांची आग व्हायची, तरी ती थापायची. फाट्यावरच्या टपरीवर बसलेले बाप्ये रोज काहीतरी बोलायचे.

"वहिनी, या वयात कायले जीव काढता?"

"पेन्शन पुरत नाही वाटते!"

ती थांबायची नाही. संतापली की पाय आपोआप उचलले जातात, हे तिला कळलं होतं. मग ती टपरीजवळून मुद्दाम जायची.

एका संध्याकाळी सासरे उत्तमराव आनंदात घरी आले. "पोरी, उद्या तुहा सत्कार हाय. वामनराव सरपंचानं ठेवला. चांगली साडी नेसजो, अन् डोक्यावर पदर घेजो. पेपरात फोटो येनार हाय."

तिने साडी नेसली, पदरही घेतला. म्हाताऱ्याचं मन मोडायचं नव्हतं. पण शाळेच्या पटांगणात पाय ठेवला आणि समोर भलामोठा फ्लेक्स दिसला. चार वर्षांपूर्वी लष्कराची गाडी दरीत कोसळून गेलेला तिचा नवरा, प्रेमानंद, त्यावर पुरुषभर उंचीचा उभा होता. कोपऱ्यात टिकलीएवढी ती. खाली लिहिलं होतं : 'पतीचे अपूर्ण स्वप्न पूर्ण करण्यास वीरपत्नी सज्ज'.

वामनराव बोलायला उभे राहिले. "आमच्या प्रेमानंदची एकच इच्छा होती. आपल्या मांगं आपल्या बायकोनं वर्दी घालावी!"

टाळ्या पडल्या. पुष्पांजलीने पुढे होऊन माईक मागितला.

"हे त्याचं स्वप्न नव्हतं," ती म्हणाली. "हे माहं होतं. कॉलेजात एनसीसीत होती तवापासून. लग्न झाल्यावर मी त्याले म्हनलं, मले ऑफिसरची परीक्षा देऊ द्या. तो हासला. म्हने, घरातून एक जन पुरे, बाईमानसाचं काम नाही ते. दरवर्षी म्हनलं, दरवर्षी तो हासला."

वामनरावांनी घाईने माईक घेतला. "वहिनी जरा भावनिक झाल्या..."

तिने तो परत ओढला. "भावनिक नाही झाली मी. मले राग आला."

उत्तमराव खुर्चीत मान खाली घालून बसले होते. ती त्यांच्याकडे न बघता मंचावरून उतरली.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. सत्यभामाबाई दारातच उभ्या होत्या. तीन आठवड्यांचं मौन एकदम फुटलं.

"साऱ्या गावासमोर माह्या लेकाले नागडं केलं तुनं!"

"खोटं बोलली का मी, आत्याबाई?"

"खरं असन! पन तो मेला हाय वं! त्याले जबाब देता येत नाही आता!"

"त्याचाच तं राग येते मले!" पुष्पांजली ओरडली. "भांडन अर्धं ठेवून गेला तो. मेल्यावर साऱ्यायनं त्याले देव केलं. मंग मी कोनासंगं भांडू? अन् मले तो आवडे बी. ते कोनाले सांगू?"

सत्यभामाबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"भरतीले गेला तवा मले सांगतलं नोयतं त्यानं," त्या म्हणाल्या. "लग्नाले जातो म्हने दोस्ताच्या. भरती झाल्यावर फोन केला. लय शिव्या देल्या मी. माहा राग बी तसाच हाय, पुष्पे. कोनासमोर काढू म्या? फोटोसमोर?"

पुष्पांजली त्यांच्याशेजारी टेकली. त्या सरकल्या नाहीत, पण हातही पुढे केला नाही.

"काजलले मी सांभाळीन," आत झोपलेल्या नातीकडे, पुष्पांजलीच्या लेकीकडे बघत त्या म्हणाल्या. "तुह्यासाठी नाही. लेकरासाठी. तुह्यावरचा राग जानार नाही माहा."

"नका जाऊ देऊ."

निघायच्या दिवशी सत्यभामाबाई काजलचा हात धरून बसथांब्यावर आल्या. पिशवीत दशम्या आणि ठेचा होता. पिशवी त्यांनी जवळजवळ फेकूनच दिली.

"तिथल्या पोरी म्हातारी म्हनतीन तुले."

"म्हनू द्या. पळताना मांगं टाकीन त्यायले."

"ऑफिसर झाली तरी या घरात सासू मीच हाओ. ध्यानात ठेव."

"हाव."

तिने काजलला उचलून घट्ट धरलं, मुके घेतले आणि गाडीत चढली. सत्कारानंतर उत्तमराव तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि आजही आले नव्हते. बस वळणावर पोचेपर्यंत ती खिडकीतून घराच्या वाटेकडे बघत राहिली. वाट रिकामीच होती. तिने खिडकीची काच जोरात ओढून लावली.