पाणी अडवणारे हात

भरलेली लोंबी वाकते, रिकामी ताठ उभी राहते. माणसांचेही तसेच, असे लोक हसून म्हणतात. गेल्या वर्षी आमचे सगळे शेत ताठ उभे होते आणि हसायला कुणी नव्हते. ऐन फुलोऱ्यात आठ दिवस आग पडली. बाहेरून पीक हिरवेगार, दाणा दाबला की आत नुसती हवा.

तेव्हापासून मला उन्हाची भीती वाटते. सगळा जन्म उन्हात काढलेल्या माणसाने हे लिहावे म्हणजे कमालच झाली.

आमची सून बियाणे केंद्रात काम करते. सहा वर्षे खपून तिने आमच्या जुन्या भाताचा दुसऱ्या एका भाताशी संकर केला. आमचे भात दहाच्या सुमारास फुलायचे, ऊन चढता चढता. हे नवे उजाडताच फुलते आणि तापायच्या आत मिटते. बियाणे जेमतेम दोन खाचरांपुरते होते. एक खाचर आधी लावले, दुसरे पंधरा दिवस मागून, म्हणजे उन्हाच्या एकाच तडाख्यात दोन्ही सापडायला नकोत.

पहिले खाचर फुलायला लागले आणि नेमका सुनेला तीन दिवस केंद्रावर मुक्काम पडला. निघताना म्हणाली, "बाबा, वरून पाटाचं पाणी येऊ द्या आणि खालच्या बांधाचं तोंड उघडं ठेवा. पाणी वाहतं राहिलं तरच रोपं थंड राहतील. आता रात्रीसुद्धा उतरत नाही उकाडा."

"अगं, पन्नास वर्षं पाणीच बघतोय मी."

"म्हणून तर दोनदा सांगतेय."

दारात उभी असलेली आमची ही खुदकन हसली. "तिसऱ्यांदा सांग गं. एका कानाने ऐकतात आणि दुसरा कान तर केव्हाच गेलाय."

माझ्या वडिलांनी मला शेतातली पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की फुलात आलेल्या भाताचे पाणी हलवायचे नाही. फूल दिसले की खालचे तोंड चिखलाने लिंपायचे. त्या काळी ते बरोबरही होते. सून गेली त्याच संध्याकाळी लोंब्यांवर फुलांची पांढरी भुकटी दिसली आणि जीव हरखून गेला. फिरत फिरत खालच्या बांधावर गेलो, वाकलो, चार ओंजळी चिखल लावला, वरून थोपटला, हात धुतले आणि घरी आलो. आपण काय केले हे मला कळलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दुपारी खाचरात पाय घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. पाणी आंघोळीला काढल्यासारखे कढत होते. धावत खाली गेलो. तोंड बंद. वाळलेल्या चिखलावर माझी पाचही बोटे उमटलेली.

बांध फोडला, पाणी सोडले आणि कुणाला काही बोललो नाही.

पुढचे बारा दिवस मी अर्ध्या ताटावरून उठत होतो. ही म्हणाली, "तोंड असं का झालंय, चोरी केल्यासारखं?"

"ऊन लागलंय," मी म्हणालो.

बाराव्या दिवशी सून शेतात उतरली. खालून सुरुवात करून मधोमध आली. लोंबी धरायची, दोन नखांत दाणा दाबायची. दूध यायला हवे. पोचट. पुढचा पोचट. त्याच्या पुढचाही पोचट. ती वर पाटापर्यंत गेलीच नाही. घरी येऊन वहीत काहीतरी लिहिले, वही टेबलावर उघडी टाकली आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

मी वही ओढली. मला अक्षरे तिनेच शिकवली, साठी उलटल्यावर. अजूनही बोट ठेवून वाचतो. लिहिले होते: 'वाण उष्णतेत टिकत नाही. काम थांबवावे. दुसरे खाचर उद्या सकाळी कापून वैरणीला.'

मी ते पुन्हा बोट ठेवून वाचले. आतापर्यंत भीती माझी होती, की पोरगी काय म्हणेल, पुन्हा पाण्याला हात लावू देईल का. आता कळले, मी गप्प बसलो तर हे भात उद्या संपते. तेही माझा गुन्हा आपल्या माथी घेऊन.

ती पदराने तोंड पुसत आली.

"पोरी, बियाण्याचा दोष नाही. खालचं तोंड मी लिंपलं होतं. तीन दिवस."

तिने पदर खाली सोडला. "का?"

"कळलं नाही. हातांनी केलं."

"आणि बारा दिवस गप्प?"

"तोंडाने केलं ते."

ती हसली नाही. चपला घातल्या आणि निघाली, मी मागोमाग. या वेळी ती थेट पाटाच्या तोंडाशी गेली, जिथे थंड पाणी आधी पोचते. लोंबी धरली. नखाने दाबली. पांढरा थेंब आला. दुसऱ्या दाण्यातूनही आला. वरच्या चार ओळी वाकलेल्या होत्या. त्यांच्याखाली मात्र सगळे ताठ.

तिने वहीतले पान फाडले नाही. खाली लिहिले: 'तीन दिवस पाणी तुंबले होते. पाटाजवळ दाणा भरला.' मग म्हणाली, "बाबा, दुसरं खाचर परवा फुलेल. केंद्रातून निरोप आलाय, गेल्या वर्षीपेक्षा जास्त तापणार आहे. मला रजा नाही. सांगा, मी काय करू?"

"मी बसतो."

"तुमच्या हातांचा मला भरवसा नाही."

"मलाही नाही."

दुसरे खाचर फुलायला लागल्याचा आज तिसरा दिवस. मी खालच्या बांधावर आहे, ही शेजारी छत्री धरून. सकाळी फुले उमलली आणि मिटली. आत काय झाले ते बारा दिवस कळणार नाही. वारा पडला आहे, पानांची टोके आत वळू लागली आहेत. पायाशी पाणी खळखळ निघून जाते आहे आणि माझा जीव तुटतो आहे, की फुलातल्या भाताचे पाणी चालले. एकदा तर ओंजळ चिखलापर्यंत गेलीही. हिने मनगट धरले.

"हात," ही म्हणाली.

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो.